स्टेशन रोडचं चित्र

मित्रमैत्रिणींनो, आज वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या आणि पाच मिनिटांत ‘माझं घर’ या विषयावर एक चित्र काढा. खोडरबर नको. पुढचं वाचूही नका. आधी काढा!

झालं? आता तुमच्यापैकी पुष्कळांनी काय काढलंय ते मी न बघता सांगतो. मागे दोन त्रिकोणी डोंगर. दोघांच्या मधून वर येणारा अर्धा सूर्य. आकाशात चार-पाच पक्षी, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ थोडा पसरून काढलेला. डोंगरातून निघालेली नदी खाली येता येता रुंद होत गेलेली. तिच्या काठी एक कौलारू घर, घराला दोन खिडक्या, शेजारी एक नारळाचं झाड आणि दारापर्यंत वळत वळत आलेली पायवाट. काय, आलं ना बरोबर?

चित्र छानच आहे. कोकणातल्या एखाद्या मुलाने काढलं असेल तर खरंसुद्धा असेल. पण तुम्ही राहता कुठे? डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. नाहीतर विरारला, बदलापूरला, कळव्याला, पनवेलला. तुमच्या खिडकीतून दिसतात समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या, ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या काळ्या टाक्या आणि या इमारतीवरून त्या इमारतीवर गेलेल्या लोंबत्या वायरी. डोंगर काहींना दिसत असेलही. कल्याण-अंबरनाथकडच्यांना मलंगगड दिसतोच. पण तो काही त्रिकोणी नाही, आणि सूर्य रोज त्याच्या बरोबर मधून उगवतो असंही नाही.

मग तुमच्या घराच्या चित्रात तुमचं घर का नाही?

मागे एकदा मी एका शाळेत चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही. स्टेशनपासून पाच मिनिटांवरची शाळा. वर्गात बसलं की ‘धिम्या मार्गावर येणारी गाडी’ स्पष्ट ऐकू येते. गट पाचवी ते सातवीचा आणि विषय ‘माझा परिसर’. हॉलमध्ये टेबलांवर ओळीने चित्रं मांडलेली होती. मी बघत चाललो. डोंगर, सूर्य, नदी. डोंगर, सूर्य, नदी. एका चित्रात नदीत बदकं होती तेवढाच बदल.

आणि मग एका चित्रापाशी मी थांबलो. त्यात होता पाण्याचा टँकर. टँकरच्या मागून निघालेला जाड पाइप आणि पाइपाभोवती हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबे घेऊन उभी असलेली माणसं. एक बाई दुसरीच्या हंड्याकडे रागाने बघत होती. एक छोटा मुलगा सांडलेल्या पाण्यात पाय आपटत होता. वर गॅलरीतून एक आजोबा वाकून काहीतरी ओरडत होते. टँकरची चाकं अंडाकृती झाली होती आणि आजोबांचा हात खांद्यातून निघण्याऐवजी मानेतून निघाला होता. पण त्या चित्रातला आवाज ऐकू येत होता! मी म्हटलं, पहिलं बक्षीस याला. बाकीचे दोन परीक्षक तयार होईनात. “अहो, परिसर म्हणजे जरा सुंदर काहीतरी नको का? हे भांडण कशाला चित्रात?” दोन विरुद्ध एक. बक्षीस बदकांना मिळालं.

कार्यक्रम संपल्यावर ती टँकरवाली मुलगी हळूच माझ्याजवळ आली. म्हणाली, “सर, आमच्याकडे नदी नाहीये. मग काय काढायचं?”

मला वाटतं, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्यापैकी लाखो लोक अशा ठिकाणी राहतात की ज्याला धड गाव म्हणता येत नाही आणि धड शहरही नाही. कॅलेंडरवर त्याचं चित्र येत नाही. सहलीला तिथे कुणी जात नाही. ‘उपनगर’ हा शब्दच बघा ना. उपकर्णधार, उपमुख्याध्यापक, तसं हे उपनगर! खरं तर संस्कृतात ‘उप’ म्हणजे जवळ. उपनगर म्हणजे शहराच्या जवळचं. पण आपल्या कानाला ऐकू येतं ते ‘दुय्यम’. म्हणून तर सुट्टीत गावाला गेल्यावर “कुठून आलात?” असं कुणी विचारलं की आपण ठोकून देतो, “मुंबईहून!” आणि दादरचे मामा विचारतात तेव्हा खाली बघून म्हणतो, “आम्ही जरा लांब राहतो.” हसू नका, तुम्हीही असंच सांगता.

आता या उपनगरांचं चित्र कुणी काढलंच नाही का? काढलं की! आणि चांगलं काढलं. त्यातल्या तिघांची ओळख आज करून घेऊ या.

पहिला जरा लांबचा आहे, फ्रान्सचा. पण त्याआधी आगगाडीबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत, कारण उपनगरांना जन्म दिला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ३४ किलोमीटर, हे तुम्हाला पाठच असेल. आगगाडी आली आणि माणसाला काम एकीकडे आणि झोप दुसरीकडे असं करता येऊ लागलं. पॅरिसमध्ये हे थोडं आधीच सुरू झालं होतं. शहराबाहेर सेन नदीच्या काठावरची छोटी गावं रेल्वेने जोडली गेली. तिथे कारखाने आले, कामगार आले, रविवारी हवा खायला येणारे शहरातले लोक आले. त्यातलंच एक गाव आस्निएर.

जॉर्ज स्यूरा नावाच्या चित्रकाराने १८८४ मध्ये या आस्निएरच्या नदीकाठाचं चित्र पुरं केलं. तो तेव्हा फक्त २४ वर्षांचा होता. चित्रात काही तरुण आणि मुलं नदीकाठी बसलीत, पाण्यात उतरलीत. एकाने तोंडाजवळ हात धरून हाक मारण्याचा पवित्रा घेतलाय. बस्स, एवढंच. पण मागे बघा! मागे रेल्वेचा पूल आहे आणि कारखान्यांची धुराडी आहेत. स्यूराकडे नदी होती, बरं का. पण नदी काढताना त्याने मागची धुराडी पुसून टाकली नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हे चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे, म्हणजे तुमच्या वर्गातल्या फळ्याएवढं! त्या काळी एवढं मोठं चित्र काढायचं ते देवादिकांचं, राजांचं, मोठ्या लढायांचं. पाण्यात पाय सोडून बसलेल्या साध्या पोरांना एवढी जागा देणं म्हणजे काय! पॅरिसमधल्या सगळ्यात मानाच्या वार्षिक प्रदर्शनाने ते चित्र नाकारलं. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

दुसरा चित्रकार मला विशेष आवडतो. इंग्लंडचा एल. एस. लाउरी. हा तर अगदी आपल्यातलाच वाटतो.

लाउरीचा जन्म १८८७ चा. घर मँचेस्टरमधल्या झाडीच्या, चांगल्या वस्तीत होतं. पण पुढे घरात पैशांची ओढाताण सुरू झाली आणि १९०९ मध्ये कुटुंबाला शहराबाहेर पेंडलबरी नावाच्या ठिकाणी राहायला जावं लागलं. पेंडलबरी म्हणजे कापडगिरण्या, धूर, एकसारखी दिसणारी विटांची घरं. घराचा पत्ता काय होता, माहीत आहे? ११७, स्टेशन रोड! जगात जिथे जिथे लोकल जाते तिथे तिथे एक स्टेशन रोड असतोच, असं दिसतंय.

लाउरीला ही जागा मुळीच आवडली नाही. हे तो स्वतःच सांगत असे. जुनं चांगलं घर सोडून अशा ठिकाणी यावं लागलं तर कुणाला आवडेल? तुमच्यातही कुणीकुणी गिरगाव-दादरहून लांब राहायला गेला असाल, तुम्हाला ठाऊक असेल ते. पहिल्या वर्षी आई रोज जुन्या शेजाऱ्यांची आठवण काढते, आणि आपल्याला नव्या वर्गात कुणी ओळखत नाही.

मग १९१६ मध्ये एक दिवस त्याची गाडी चुकली. गाडी चुकणं ही उपनगरातली रोजची गोष्ट! चरफडत तो स्टेशनवरून बाहेर बघत राहिला. समोर अक्मे नावाची सूतगिरणी होती. गिरणी सुटण्याची वेळ. खिडक्यांमधून दिवे लागलेले, मागे संध्याकाळचं आकाश आणि दारातून बाहेर पडणारी शेकडो माणसं. हे सगळं त्याने आधीही कितीतरी वेळा पाहिलं असणार. पण त्या दिवशी करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्याने ते नीट पाहिलं. आणि मग पुढची कितीतरी वर्षं तो तेच काढत राहिला! गिरणी सुटताना, गिरणी भरताना, बाजाराचा दिवस, दवाखान्यातली रांग, फुटबॉलच्या सामन्याला निघालेली गर्दी.

त्याची माणसं कशी आहेत? काडेपेटीतल्या काड्यांसारखी! किरकोळ, काळपट, थोडी पुढे वाकलेली. कुणी म्हणेल, “ही तर मीही काढीन.” काढून बघा! शंभर काड्या काढा आणि त्यातली प्रत्येक काडी वेगळी चालायला हवी. एकीला घाई आहे, एक दमलीय, एक रेंगाळतेय, एका काडीचा कुत्रा पुढे ओढतोय. मग कळेल.

सुरुवातीला त्याची चित्रं फार काळोखी होत. एका शिक्षकाने त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तेव्हा त्याने पाठीमागची सगळी जागा पांढरी ठेवायला सुरुवात केली आणि त्या पांढऱ्यावर ही काळी माणसं एकदम उठून दिसायला लागली. रंग वापरायचा फक्त पाच: पांढरा, काळा, शेंदरी लाल, प्रशियन निळा आणि पिवळी माती. बारा रंगांची पेटी मिळाली नाही म्हणून रुसून बसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं! त्याच्या चित्रांत सावल्याही नसतात. का नसतात याबद्दल मोठमोठी माणसं पुष्कळ काही लिहितात. मला वाटतं, त्या धुरकट हवेत सावली पडायला ऊन तरी कुठे होतं!

आणि हे सगळं केव्हा? नोकरी सांभाळून! १९१० पासून १९५२ पर्यंत लाउरी एका मालमत्तेच्या कंपनीत नोकरीला होता. काम काय, तर घरोघर जाऊन भाडं गोळा करायचं. पुढे तो तिथला मुख्य रोखपाल झाला. दिवसा पायी वस्त्या पालथ्या घालायच्या, संध्याकाळी कलाशाळेच्या वर्गांना जायचं आणि रात्री घरातली मंडळी झोपल्यावर चित्रं काढायची. ही नोकरीची गोष्ट त्याने लोकांपासून लपवून ठेवली होती. लोक आपल्याला ‘फावल्या वेळचा चित्रकार’ म्हणतील, अशी त्याला भीती वाटे. पण मला तर वाटतं की, ती नोकरी नसती तर ती चित्रंही नसती. भाडं मागायला दारात उभं राहणाऱ्या माणसाला घराघरातलं जेवढं दिसतं, तेवढं मोटारीतून जाणाऱ्याला कधी दिसेल का?

१९५३ मध्ये त्याने काढलेलं ‘सामन्याला निघालेली माणसं’ या विषयावरचं चित्र २०२२ मध्ये लिलावात ७८ लाख पौंडांना विकलं गेलं. घेतलं कुणी? सॉलफर्डमधल्या, लाउरीचंच नाव दिलेल्या कलाकेंद्राने. त्याच भागातल्या लोकांना ते बघता यावं, कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊन बसू नये, म्हणून.

लाउरीबद्दल माझी एक छोटीशी तक्रार आहे, तीही सांगून टाकतो. तो सगळ्यांना लांबून बघतो. त्याच्या गर्दीतल्या कुणाच्या डोळ्यांत बघावं म्हटलं तर डोळे सापडत नाहीत. लोकलच्या खिडकीतून फलाटावरची गर्दी दिसावी तसं. पण कधीतरी त्या फलाटावर उतरायला हवं, एखाद्या माणसाच्या शेजारी उभं राहायला हवं, असं मला ती चित्रं बघताना वाटतं.

आणि हे ज्यांनी केलं, ते तिसरे चित्रकार आपल्या ठाण्याचेच आहेत. सुधीर पटवर्धन.

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. पुण्याच्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. चित्रकलेच्या कॉलेजात ते गेलेच नाहीत. जे शिकले ते चित्रं पाहून, पुस्तकं वाचून आणि काढून काढून. १९७३ मध्ये ते मुंबईत आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं. पडून हात मोडला की आपण ज्यांच्याकडे एक्स-रे काढायला जातो ना, ते डॉक्टर! दिवसभर माणसांच्या हाडांचे फोटो बघायचे आणि उरलेल्या वेळात त्याच माणसांची चित्रं काढायची. म्हणूनच की काय, त्यांच्या चित्रातल्या माणसांना वजन असतं. ती जमिनीवर नुसती रंगवलेली नसतात, उभी असतात. कामावरून दमून आलेल्या माणसाचे खांदे कसे दिसतात, पिशवी धरलेला हात कसा ताणला जातो, हे त्यांच्या चित्रात बघावं.

त्यांनी काय काय काढलं? इराण्याच्या हॉटेलातलं गिऱ्हाईक, लोकलचे प्रवासी, रस्ते, पूल, अर्धवट बांधलेल्या इमारती. १९८४ मध्ये त्यांनी ‘टाऊन’ हे मोठं चित्र काढलं. १९९१ मध्ये ‘पोखरण’. हे अणुचाचणीचं राजस्थानातलं पोखरण नव्हे, बरं का! ठाण्यात येऊरच्या डोंगराकडे पोखरण रोड आहे, तो हा. २००१ मध्ये ‘उल्हासनगर’. आता सांगा, उल्हासनगरला जाऊन कुणी निसर्गचित्र काढील असं तुम्हाला वाटलं होतं का?

या चित्रांमध्ये एक युक्ती आहे, ती मुद्दाम समजावून घ्या. समजा, तुम्ही स्टेशनच्या पादचारी पुलावर उभे आहात. समोर बघितलं तर रूळ. डावीकडे मान वळवली तर बाजार आणि रिक्षांची रांग. उजवीकडे नाला, नाल्यापलीकडे बैठ्या चाळी आणि त्यांच्या डोक्यावर बावीस मजल्यांचा नवा टॉवर. मागे वळलात तर डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी खडी काढून पडलेला खड्डा. आता फोनने फोटो काढला तर यातली एकच बाजू येईल. पटवर्धन काय करतात, तर वेगवेगळ्या जागी उभं राहून पाहिलेल्या गोष्टी एकाच चित्रात अशा बेमालूम बसवतात की आपण चित्रात शिरतो आणि चालायलाच लागतो. इथे जिना चढतो, तिथे उतरतो, मध्येच कुणाच्या तरी खिडकीत डोकावतो. आमच्यासारख्या ठिकाणांना हीच पद्धत लागू पडते, असं मला वाटतं. कारण इथे एका जागी उभं राहून सगळं दिसतच नाही. कालपर्यंत शेत होतं तिथे आज खांब उभे असतात, आणि खांबांच्या मधे अजून कुणाचीतरी म्हैस चरत असते.

ही चित्रं ‘सुंदर’ आहेत का? कॅलेंडरसारखी सुंदर नाहीत. पण पटवर्धन आपल्याला कुरूप करूनही दाखवत नाहीत. “बघा बघा, किती ही घाण, किती ही गर्दी” असं ती चित्रं म्हणत नाहीत. माझ्या मते त्यांचा मोठेपणा यातच आहे. उपनगराबद्दल बोलणारे लोक बहुधा दोनच गोष्टी करतात, नाक मुरडतात नाहीतर कीव करतात. इथे तिसरंच काहीतरी आहे. इथला माणूस इथल्या माणसाकडे बघतोय.

त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ च्या अखेरीला भरलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, २००८-०९ मध्ये, त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेलं होतं. त्यात देशातल्या आजच्या चित्रकारांची चित्रं होती. मोठी चित्रं बघायची तर मुंबईच्या काळ्या घोड्यापर्यंत जायला हवं, हा नियमच त्यांनी उलटा केला. पालकांना एक विनंती. मुलांना मॉलमध्ये नेता तसं वर्षातून एकदा तरी चित्रांच्या प्रदर्शनाला न्या. जहांगीर आर्ट गॅलरीत तर तिकीटही लागत नाही.

चित्रांबद्दल पुष्कळ बोललो. लिहिणाऱ्यांचं काय? त्यांनी चित्रकारांच्या मानाने आपल्याला बरं वागवलंय. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची. ती उपनगरातली नाही, पण पुढे अशाच चाळींतली कितीतरी कुटुंबं ब्लॉकमध्ये राहायला गेली, उपनगरात गेली. त्या ब्लॉकमधल्या माणसांच्या गोष्टी व. पु. काळ्यांनी सांगितल्या. तेही नोकरदारच, मुंबई महापालिकेत वास्तुविशारद. घरांचे नकाशे बघणाऱ्या माणसाने, घर लहान पडलं की नात्यांचं काय होतं, हे ‘पार्टनर’ कादंबरीत लिहिलं. मोठे झालात की वाचा. शं. ना. नवरे, म्हणजे सगळ्यांचे ‘शन्ना’, तर डोंबिवलीचेच. २०१३ मध्ये ते गेले, तेही डोंबिवलीतच. त्यांच्या कथांत राजवाडे नाहीत, खून-मारामाऱ्या नाहीत. आपल्या मजल्यावर राहतील अशीच माणसं आहेत.

आणि डोंबिवलीवरचे विनोद? ते तर तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असतील! गाडीत चढायला मिळत नाही, मिळालं तर उतरायला मिळत नाही, वगैरे वगैरे. ते ऐकताना मीही हसतो. पण कधी लक्ष दिलंय का, त्या विनोदांत माणूस कधीच नसतो. नुसती गर्दी असते. २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ नावाचा मराठी सिनेमा आला. मोठ्यांचा सिनेमा आहे, पण त्यात त्या गर्दीतला एक माणूस वेगळा काढून दाखवला होता, रोज तीच गाडी पकडणारा बँकेतला एक साधा कर्मचारी. त्याच्या रागाबद्दल तो सिनेमा होता. आणि २०२२ मध्ये तर ‘झोंबिवली’ आला. डोंबिवलीत झोंबी! म्हणजे आता भुतांनीही आमच्याकडे जागा घेतली म्हणायची.

असो. आता तुमच्या कामाकडे वळू या. इंटरमिजिएट किंवा एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्यांना याचा स्मरणचित्राच्या पेपरला उपयोगच होईल, पण म्हणून करू नका. मजा म्हणून करा.

या रविवारी पंधरा मिनिटं तुमच्या खिडकीत, गॅलरीत नाहीतर गच्चीवर बसा. हातात फोन नको. पहिली पाच मिनिटं फक्त बघा. ती फार कंटाळवाणी जातील, आधीच सांगून ठेवतो. सहाव्या मिनिटापासून काहीतरी दिसायला लागेल. समोरच्या काकू कपडे वाळत घालताना आधी काय झटकतात? इस्त्रीवाले काका कोळसे फुलवताना तोंड कुठे फिरवतात? दूधवाल्याची सायकल कुठल्या बाजूला कललेली असते? वॉचमनच्या खुर्चीचा चौथा पाय कशाने बांधलाय? मग कागदावर शब्दांत दहा गोष्टी लिहा. ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘गजबजलेला’ हे तीन शब्द वापरायचे नाहीत. मराठीच्या बाई ओरडल्या तर माझं नाव सांगा.

त्यानंतर चित्र. दहापैकी एकच गोष्ट निवडा आणि ती मोठी काढा, कागदभर. स्यूराने त्या पोरांना फळ्याएवढी जागा दिली होती, हे ध्यानात ठेवा. डोंगर दिसत असेल तर जरूर काढा, पण तुमच्या घरातून दिसतो त्याच आकाराचा. नदी नसेल तर नको. टॉवर, नाला, केबलची वायर, जे असेल ते. माणसं जमत नसतील तर लाउरीच्या काड्या काढा, फक्त प्रत्येक काडी काय करतेय ते ठरवून काढा.

आईबाबांनी चित्रात हात घालायचा नाही. “अरे, ते कपडे कशाला दाखवतोस?” असंही म्हणायचं नाही. गॅलरीत कपडे वाळत असतात. सगळ्यांच्याच असतात.

चित्र आणि दहा ओळी आमच्या नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. घडी घालू नका, गुंडाळी करा. मागच्या बाजूला नाव, इयत्ता आणि तुमच्या स्टेशनचं नाव लिहा. पूर्व की पश्चिम, तेही.